एकदाच वाटण करून ठेवा, आठवडाभर भाजीचं टेन्शन नाही

ऑफिसवरून आल्यावर रोज कांदा भाजत बसायला कोणाला वेळ आहे, म्हणून रविवारी एकदाच कांदा-खोबऱ्याचं वाटण करून फ्रीजरमधे टाकायचं, मग उसळ म्हणा, रस्सा म्हणा, अंडाकरी म्हणा, अर्ध्या तासात काम होतं. फक्त एक गोष्ट आधीच सांगते, यात तिखट, मीठ, हळद, गरम मसाला काही म्हणजे काही घालायचं नाही. बरेच जण सगळं एकत्र वाटून ठेवतात आणि मग मटकी पण तशीच लागते आणि अंडाकरी पण तशीच. वाटण साधं ठेवा, मसाला ज्या त्या दिवशी.

अर्धा किलो कांदे, सुक्या खोबऱ्याची एक वाटी (म्हणजे अर्धा नारळ, मोजायची वाटी नव्हे), लसणाच्या 15-20 पाकळ्या, दोन इंच आलं, दोन चमचे तीळ. खसखस असेल तर एक चमचा, पण हल्ली ती इतकी महाग आहे की मी घालत नाही आणि फारसं काही अडतही नाही.

आधी तीळ कोरडे भाजून काढून घ्या. मग खोबऱ्याचा कीस एकदम मंद आचेवर, आणि इथे मोबाईल बाजूला ठेवा प्लीज, कारण खोबरं बराच वेळ पांढरंच दिसतं आणि मग अर्ध्या मिनिटात करपतं. बदामी झालं की लगेच ताटलीत काढायचं, गरम कढईत राहिलं तर गॅस बंद करूनही काळं पडतं.

आता कांदा. उभा पातळ चिरून लोखंडी कढईत तीन मोठे चमचे तेलावर टाकायचा आणि चांगली 15-20 मिनिटं द्यायची. नुसता गुलाबी करून उतरवला तर वाटण गोडसर लागतं आणि कच्चा वास रश्शात शेवटपर्यंत येतो, आतलं पाणी पूर्ण आटून गुळासारखा रंग यायला हवा. शेवटच्या पाच मिनिटांत आलं-लसूण टाका. खानदेशात तर अख्खा कांदा आणि खोबऱ्याची वाटी थेट जाळावर काळी होईपर्यंत भाजतात, शेवभाजीला तो धुरकट वास लागतोच, पण रोजच्या सगळ्या भाज्यांना तो चालत नाही म्हणून मी कढईवरच करते.

सगळं गार होऊ द्या, गरम गरम मिक्सरला लावलं तर वाफेने झाकण उडतं. तीळ-खोबरं आधी कोरडंच फिरवायचं, मग कांदा, नाहीतर खोबऱ्याचे कण तसेच राहतात. पाणी घालू नका, त्याने लवकर खराब होतं. मिक्सर अडला तर चमचाभर तेल. कोथिंबीर पण आत्ता नको, काळी पडते.

फ्रीजमधे चार-पाच दिवस, फ्रीजरमधे महिनाभर आरामात. ओलं खोबरं वापरलंत तर मात्र दोन दिवसांत संपवा.

वापरताना तेल जरा सढळ, त्यात माणशी एक मोठा चमचा वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग मसाला. कांदा-लसूण मसाला घातला की मटकीची उसळ किंवा मिसळीचा कट, गोडा मसाला आणि आमसूल घातलं की आमटी, धने-जिरे पूड आणि गरम मसाल्यात अंडाकरी. भरल्या वांग्याला याच वाटणात दाण्याचं कूट, गूळ, चिंच कालवायची. रस्सा करताना पाणी उकळतंच घाला, गार पाण्याने तर्री नीट वर येत नाही. मटणाला माणशी दोन चमचे धरा, आणि तिथे कंजूषी करू नका. पालेभाजी आणि साध्या वरणाच्या वाटेला हे नेऊ नका, आणि माशाच्या कालवणाला तर मुळीच नको, त्याला ओलं खोबरं आणि तिरफळच पाहिजे.

बर्फाच्या ट्रेमधे भरून गोठवलं तर हवे तेवढे खडे काढता येतात, गोठले की डब्यात काढून घट्ट झाकण लावा, आणि तो ट्रे वाटणाचाच ठेवा, नाहीतर पाहुण्यांना लिंबाच्या सरबतात लसूण लागेल.