लोह-क्रोमियममध्ये कार्बनचा परिणाम रोधकतेवरून कसा ओळखावा

प्रोटॉनांचा मारा खाल्लेली लोह-क्रोमियमची मिश्रधातू तापवत नेली की जालकातली, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीतली, इजा टप्प्याटप्प्याने भरून येते आणि रोधकता (विजेला होणारा अडथळा) तसतशी उतरते. कार्बन त्यातले काही टप्पे दाबतो, काही पुढे ढकलतो. हे दिसायला हवं असेल तर क्रोमियम तेवढंच, पण कार्बन कमी-जास्त असे दोन नमुने एकत्रच चालवा. एकट्या नमुन्याचा आलेख कितीही सुबक आला तरी त्यातला कार्बनचा वाटा वेगळा काढता येत नाही.

पट्टी 50 मायक्रॉन जाडीपर्यंत लाटा. 5 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन लोखंडात साधारण 80 मायक्रॉन शिरतात; पट्टी त्याहून जाड असली तर ते आतच अडकतात आणि इजा एकसारखी होत नाही. रोधकता मोजायच्या तारा स्पॉट वेल्ड करा, म्हणजे विजेने ठिपक्यापुरत्या वितळवून जोडा. कथील-शिशाचा साधा डाख 456 केल्विनलाच वितळतो, आणि मोजमाप त्याच्या पुढे न्यायचं आहे.

सगळ्यात जास्त चुका कार्बनच्या तयारीत होतात. 100 आण्विक पीपीएम (दर दहा लाख अणूंमागे 100) कार्बन म्हणजे वजनी जेमतेम 21.5 पीपीएम, पृथक्करणाचा अहवाल कोणत्या एककात आहे ते आधी पाहा. अहवालातला आकडा एकूण कार्बनचा असतो, आपल्याला हवा तो जालकात विरघळलेला. क्रोमियम कार्बनला कार्बाइडमध्ये (धातू आणि कार्बनच्या संयुगात) ओढतं, म्हणून ऑस्टेनाइट (लोखंडाचं जास्त तापमानाचं स्फटिकरूप) सुरू होण्याच्या खालच्या तापमानाला नमुना धरून झटक्यात पाण्यात गार करा आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. खोलीच्या तापमानाला कार्बन एका दिवसात काही दहा नॅनोमीटर सरकतो. आठवडाभर टेबलावर पडलेला नमुना भरवशाचा राहत नाही. कमी कार्बनचा नमुना शुद्ध धातू वितळवूनच बनवा. ओल्या हायड्रोजनने कार्बन काढायची लोखंडातली युक्ती इथे अंगलट येते, क्रोमियमचा ऑक्साइड बसतो.

मारा शक्यतो 50 केल्विनच्या खाली द्या. मग प्रत्येक पायरीला तापमान 3 टक्क्यांनी वाढवत 300 सेकंद धरा आणि दर वेळी परत त्याच मूळ तापमानाला आणून रोधकता मोजा. करंट उलटसुलट करून सरासरी घ्या, नाहीतर जोडांवरचा औष्णिक व्होल्टेज आकड्यात मिसळतो.

शुद्ध लोखंडात 107 केल्विनच्या आसपास जालकातली रिकामी जागा आणि तिथून निसटलेला अणू अशा जवळजवळच्या जोड्या मिटतात, पुढे 120 ते 140 दरम्यान फटीत अडकलेले लोखंडाचे अणू मोकळे फिरू लागतात. क्रोमियम याच अणूंना धरून ठेवतं, त्यामुळे हा भाग आधीच बदललेला असतो. त्याचं खापर कार्बनवर फोडू नका. कार्बनची खरी खूण 220 केल्विनच्या पुढे दिसते. तिथे रिकाम्या जागा हलू लागतात, पण कार्बन अजून जागचा हलत नाही. त्या येऊन त्याला चिकटतात आणि त्या टप्प्यातली भरपाई, म्हणजे रोधकतेचं माऱ्याआधीच्या पातळीकडे परतणं, घटते. सुमारे 350 केल्विनला कार्बन स्वतः सरकून उरलेल्या रिकाम्या जागांपाशी पोचतो. कार्बन आणि रिकामी जागा यांच्या या जोड्या सुटायला 500 केल्विनच्या वर जावं लागतं.

याच पट्ट्यात एक फसवणूक आहे. फिरत्या रिकाम्या जागा क्रोमियमच्या अणूंची मांडणीही बदलतात आणि त्यानेही रोधकता हलते. कधी भरपाई शंभर टक्क्यांच्या वर दिसते. मारा न दिलेला नमुना हे पकडत नाही, कारण त्यात इतक्या रिकाम्या जागाच नसतात. तो फक्त कार्बाइड बसल्याने झालेली घट दाखवतो, म्हणून तोही लागतोच. मांडणीचा हिशोब मात्र मारा दिलेल्या कमी कार्बनच्या नमुन्याशी तुलना करूनच मांडा.