क्रूझआधीचा मुंबई मुक्काम: नागपूरहून निघणाऱ्यांसाठी नियोजन

नागपूरकरांना समुद्र गाठण्यासाठी आधी सुमारे आठशे किलोमीटर जमीन ओलांडावी लागते आणि क्रूझच्या सहलीत वेळापत्रक बिघडण्याची खरी भीती असते ती याच टप्प्यात. प्रवाशांची टर्मिनलवरील नोंदणी (चेक-इन) जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते. त्यानंतर पोहोचलेल्यांसाठी जहाज थांबत नाही आणि बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार पैसेही परत मिळत नाहीत. त्यामुळे मुंबईतला मुक्काम हा प्रथम उशीर पचवण्यासाठी ठेवावा आणि मुंबईदर्शन त्यात जमेल तेवढेच बसवावे. जहाज शनिवारी दुपारी किंवा संध्याकाळी सुटणार असेल, तर शुक्रवारी सकाळी मुंबईत पोहोचून एक पूर्ण दिवस आणि एक रात्र हाताशी ठेवणे हा माझ्या मते सर्वांत समतोल हिशेब आहे. शुक्रवारी रात्री उशिरा पोहोचून हॉटेलात फक्त झोपणे म्हणजे भाडे पूर्ण भरून उपयोग अर्धाच करून घेणे होय.

या हिशेबाला रेल्वे चांगली साथ देते. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी आणि दुरांतो रात्री नागपूर सोडते व दोन्ही गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी सीएसएमटीला पोहोचतात. तेथून क्रूझ जहाजांचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने अगदी जवळ आहे. मात्र याच सोयीमुळे अनेकांना जहाजाच्या दिवशीच सकाळी उतरण्याचा मोह होतो. गाडी वेळेवर आली तर सारे सुरळीत पार पडते, पण भुसावळपासून कसारा घाटापर्यंत कोठेही खोळंबा झाला तर दुपारची वेळ गाठताना जीव मेटाकुटीला येतो. आरक्षण प्रवासाच्या दिवसापूर्वी 60 दिवस खुले होते आणि क्रूझ तर त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते. म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि प्रतीक्षा यादीतील तिकिटाच्या भरवशावर राहू नये.

विमानाने जाणाऱ्यांनी तिकिटावरील विमानतळाचे नाव नीट वाचावे. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर 2025 पासून उड्डाणे सुरू झाली असल्यामुळे आता ‘मुंबई’ एवढे पाहून चालत नाही. जुन्या विमानतळावरून भुयारी मेट्रो 3 थेट सीएसएमटीपर्यंत येते आणि सामान आटोपशीर असेल तर रस्त्यावरील कोंडीपेक्षा ती कधीही बरी. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा असून तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. पुढची ठाणे-मुंबईची वाहतूक कोंडी वेगळीच. शिवाय सहलीचे सगळे दिवस गाडी कोठे उभी करायची हा प्रश्न उरतोच, त्यामुळे स्वतःची गाडी नेण्याचा सल्ला मी देणार नाही.

मुक्कामाच्या जागेबाबत आपल्याकडे हमखास निघणारा विषय म्हणजे नातेवाईक. डोंबिवलीची आत्या किंवा ठाण्याचे काका असताना हॉटेल घेतले तर त्यांना वाईट वाटेल, असे घरातले कोणीतरी म्हणतेच. पण मोठ्या बॅगा आणि लहान मुले घेऊन गर्दीच्या वेळी लोकलने दक्षिण मुंबईत येणे शहाणपणाचे नाही, आणि रविवारी जहाज असेल तर दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवणारा मेगाब्लॉकही आडवा येऊ शकतो. आत्याला आधीच फोन करून परतीच्या दिवशी जेवायला येतो म्हणून सांगावे; जहाज सहसा सकाळी बंदरात परतते आणि नागपूरची गाडी संध्याकाळी किंवा रात्री असते, त्यामुळे ती भेट निवांत होते. परतीला दुरांतो घेतली असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ती सीएसएमटीहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणून तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख हवी. राहण्यासाठी फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, कुलाबा किंवा चर्चगेटचा परिसर निवडावा. अंधेरीतील हॉटेल स्वस्त दिसले तरी सकाळच्या रहदारीत तो फायदा फिटून जातो. खोली आरक्षित करताना सकाळी लवकर प्रवेश मिळेल का आणि नसल्यास सामान ठेवून घेतील का, हे फोनवर विचारून घ्यावे.

हाती आलेल्या दिवशी पायी फिरण्याजोगे बरेच काही याच भागात आहे. सीएसएमटीची इमारत 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या गॉथिक इमारती आणि समोरच्या बाजूची आर्ट डेको घरे यांना तो मान 2018 मध्ये मिळाला. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, रमणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी निदान तीन तास राखावेत. या संग्रहालयाची इमारत, गेटवे ऑफ इंडिया आणि बॅलार्ड इस्टेट या तिन्हींची आखणी जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाची आहे, हे ठाऊक असले की त्यांच्यामधली रपेट अधिक रंगते. घारापुरीला जायचे असल्यास पहिल्याच दिवशी सकाळी जावे. गेटवेहून लाँचला सुमारे एक तास लागतो, सोमवारी लेणी बंद असतात आणि समुद्र खवळला तर फेऱ्या थांबतात; जहाजाच्या दिवशी हा बेत मुळीच करू नये.

त्याच संध्याकाळी हॉटेलात बसून कागदपत्रे पुन्हा पाहावीत. देशांतर्गत सहलीसाठी सरकारी छायाचित्र ओळखपत्र लागते आणि त्यावरील नाव आरक्षणातील नावाशी जुळावे लागते. विवाहानंतर बदललेले आडनाव येथे नेमके अडते, ते नागपुरातच दुरुस्त करून घ्यावे. वेब चेक-इन करून बोर्डिंग पास छापून ठेवावा. टर्मिनलवर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोहोचायला काही तास लागतात, म्हणून औषधे, चष्मा, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत असावा. इस्त्री, किटली, मद्य आणि घरी शिजवलेले पदार्थ बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. संत्रा बर्फीचा डबा सोबत घेतल्याशिवाय ज्यांचा पाय घराबाहेर पडत नाही, त्यांनी तो मुक्कामातच संपवावा किंवा आत्यासाठी राखून ठेवावा.

सिंगापूर किंवा बार्सिलोनासारख्या बंदरातून जहाज पकडायचे असल्यास नागपूरहून किमान एक विमान बदलावे लागते आणि मागे राहिलेली बॅग यायला एखादा दिवस जातो, म्हणून तेथे दोन रात्री ठेवाव्यात. सिंगापुरात मरीना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन क्रूझ टर्मिनल आहेत; आपले कोणते ते पाहूनच हॉटेल घ्यावे. युरोपातील जहाज मध्येच शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांबाहेर) जाऊन परतणार असेल तर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा लागतो.

मुंबईत जहाजाच्या दिवशी टॅक्सीवाल्याला नुसते ‘बंदर’ किंवा ‘क्रूझ’ सांगू नये, कारण भाऊचा धक्का आणि गेटवे येथूनही बोटी सुटतात. बॅलार्ड पिअर, मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल, असे स्पष्ट सांगावे आणि प्रवेशाचे फाटक कोणते ते बोर्डिंग पासवर पाहून घ्यावे. हॉटेलची खोली सोडण्याची वेळ आणि आपल्याला दिलेली प्रवेशाची वेळ यांत अंतर उरत असेल तर सामान हॉटेलातच ठेवून जवळपास जेवून यावे. मात्र ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी टर्मिनलच्या दारात असावे, कारण सुरक्षा तपासणीची रांग कुटुंबांच्या बॅगांमुळे हळू सरकते.