चंद्रकला समजावताना एका मॉडेलवर थांबू नका

खोलीत अंधार करा, उघडा बल्ब डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि पेन्सिलीत खोवलेला थर्माकोलचा गोळा मुलाच्या हातात द्या. त्याचं डोकं म्हणजे पृथ्वी. बल्बकडे तोंड केलं की अमावास्या. तिथून डावीकडे सावकाश वळलं की गोळ्याच्या उजव्या कडेला कोर उमटते आणि वाढत जाते.

घोळ होतो तो पौर्णिमेला. बल्बकडे पाठ झाली की डोक्याची सावली नेमकी गोळ्यावर पडते. "गोळा जरा वर धर," असं सांगून बहुतेक जण पुढे जातात. मीही कित्येक वर्षं तेच सांगत होते. त्यामुळे कला पृथ्वीच्या सावलीने होतात, हा गैरसमज मुलांच्या डोक्यात पक्का बसला आणि तो काढताना मला फार त्रास झाला. "वर का धरायचा?" असं मूल विचारेल, तेव्हा हे मॉडेल बाजूला ठेवा. त्यात उत्तर नाहीच. डोकं 18 सेंटिमीटर रुंद धरलं तर चंद्र सुमारे साडेपाच मीटर लांब हवा. इथे तो हातभर अंतरावर आहे.

आता 4 सेंटिमीटरचं लिंबू आणि साधारण 1 सेंटिमीटरचा काबुली चणा घ्या. दोघांमध्ये 120 सेंटिमीटर अंतर मोजून ठेवा. चंद्र पृथ्वीच्या तीसपट व्यासाइतका दूर आहे, म्हणून. त्याची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. या मापात चणा लिंबापेक्षा दहा-साडेदहा सेंटिमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो. तेवढ्या उंचीवर तो धरा. लिंबाची सावली त्याच्याखालून निघून जाते, हे मुलांना आपोआप दिसतं. या मांडणीत सूर्य ठेवायचा हट्ट मात्र करू नका. तो साडेचार मीटरचा होईल आणि जवळपास अर्धा किलोमीटर लांब ठेवावा लागेल. पाठ्यपुस्तकातली आकृती दिशा दाखवायला चांगली, अंतरासाठी तिच्यावर अजिबात विसंबू नका.

"कधी उगवेल?" याला गणितच हवं. 24 तासांची मिनिटं भागिले 29.5 दिवस, म्हणजे रोज ढोबळमानाने 50 मिनिटं उशीर. पौर्णिमेच्या चंद्रोदयापासून मोजत संकष्टीची वेळ मुलांना काढू द्या, मग दिनदर्शिकेतली वेळ बघा. थोडा फरक पडेलच, कारण कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि कललेलीही. तो फरक वहीत लिहून ठेवायला सांगा आणि त्या रात्री सगळ्यांना गच्चीवर न्या.