कार सीट ‘वाढत्या अंगाची’ घेऊ नका: निवडताना आणि बसवताना होणाऱ्या चुका

अंगडं, फ्रॉक, शाळेचा गणवेश घेताना आपण एक माप वरचं घेतो. वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही होईल. मुलांची कार सीट घेतानाही बऱ्याच घरांत हाच हिशेब असतो आणि दुकानदार ‘० ते ३६ किलो, एकदाच घ्या, बारा वर्षं बघायला नको’ म्हणत तो पक्का करून टाकतो. कपडा सैल झाला तर दुमडून टाके घालता येतात. सीट सैल झाली तर धडकेच्या क्षणी बाळ पट्ट्यांतून वर सरकतं, नाहीतर खांद्यावरचा पट्टाच निसटतो.

खोक्यावरचं वय वाचून निवड करणं

‘नवजात ते १२ वर्षे’ ही ओळ सोडून द्या. बाळाचं आजचं वजन आणि उंची लिहून घेऊन दुकानात जा. युरोपीय आर४४ नियमाच्या सीट वजनावर विभागलेल्या असतात: १३ किलोपर्यंत, ९ ते १८, १५ ते २५ आणि २२ ते ३६ किलो. त्यानंतर आलेला आर१२९ नियम उंचीवर चालतो. त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणीही होते आणि १५ महिन्यांच्या आत मुलाला पुढे तोंड करून बसवता येत नाही. आपलं भारतीय मानक एआयएस-०७२. सीटच्या पाठीला किंवा तळाला मंजुरीचं लेबल शोधा. युरोपीय सीटवर ते बहुधा नारिंगी असतं, त्यावर गोलात इंग्रजी ‘ई’ आणि शेजारी देशाचा आकडा. आर४४ असेल तर मंजुरी क्रमांक ०४ ने सुरू झालेला बघून घ्या. कुठलंच मानक न छापलेल्या, चारपाचशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या कापडी गाद्या आणि पट्टे कार सीट म्हणून विकले जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता ‘० ते ३६’ बद्दल. अशा सगळ्याच सीट वाईट नसतात, पण बऱ्याच मॉडेलमध्ये खांद्याच्या पट्ट्याची सर्वांत खालची खाच नवजात बाळाच्या खांद्याच्या वर येते. मागे तोंड असताना पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवा आणि पुढे तोंड असताना रेषेत किंवा किंचित वरून. दुकानात बाळाला बसवून एवढं एक पाहिलं तरी निम्मी मॉडेलं आपोआप बाद होतात. पैसे आणि वर्षं दोन्ही बघायची असतील तर जास्त शहाणा मार्ग असा: काढता येणारी नवजात गादी असलेली ० ते १८ किलोची, दोन्ही दिशांना बसणारी सीट, आणि पुढे १५ ते ३६ किलोचा पाठ असलेला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा नीट लागू देणारी बैठक. दोन खरेद्या होतात खऱ्या, पण दोन्ही वस्तू शेवटपर्यंत मापात राहतात.

९ किलो झाले की तोंड पुढे फिरवणं

वर्षाचं मूल साधारण ९-१० किलोचं असतं आणि आर४४ मध्ये पुढे तोंड करण्याची मर्यादा ९ पासून सुरू होते, म्हणून पहिल्या वाढदिवसाला सीट फिरवण्याची जणू पद्धतच पडली आहे. ९ म्हणजे सुरुवात, सक्ती नव्हे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मानेचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या मुलाचं धड पट्ट्याने थांबतं आणि डोकं मानेला ओढत पुढे जातं. मागे तोंड असेल तर तोच जोर सगळ्या पाठीवर आणि डोक्यावर पसरतो. म्हणून सीटची मागच्या दिशेची मर्यादा, १३ किंवा काहींत १८ किलो, संपेपर्यंत दिशा बदलू नका. पाय गाडीच्या सीटला टेकतात ही तक्रार मोठ्यांची असते. मूल मांडी घालून मजेत बसतं. डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या कडेपासून २.५ सेंटिमीटरच्या आत आला, तर मात्र वजन कमी असलं तरी ती दिशा संपली.

गाडीत न बसवता पैसे देणं

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत रविवारी दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळणं कठीण, हे खरं. मग मंगळवारी सकाळी जा, पण गाडी घेऊनच जा. तीच सीट एका गाडीत घट्ट बसते आणि दुसरीत डुलते. बसवून पाहताना या अडचणी येतात:

- लहान हॅचबॅकमध्ये मागचा पट्टा बाळाच्या टोपलीवजा सीटला वळसा घालायला अपुरा पडतो. ओढून बसवू नका, दुसरं मॉडेल बघा.
- पट्ट्याचं बक्कल सीटच्या कडेवर आडवं येतं. अशा वेळी ते दाबाखाली तुटू शकतं. दुसऱ्या जागी बसवा, तिथेही तेच झालं तर सीट नको.
- मागे तोंड केलेली सीट समोरची खुर्ची इतकी पुढे ढकलते की ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात.
- आयसोफिक्स सीटच्या (गाडीतल्या कड्यांत अडकणाऱ्या) फरशीवर टेकणाऱ्या आधारपायाखाली गाडीच्या फरशीत सामानाचा कप्पा असतो. त्याच्या पोकळ झाकणावर पाय टेकवून उपयोग नाही. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते बघा.
- गाडीचं हेडरेस्ट कार सीटला पुढे ढकलतं. पुस्तिका परवानगी देत असेल तर ते काढून डिकीत ठेवा.

आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीतल्या दोन पोलादी कड्या, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर. फटीत बोटं घालून त्या चाचपा. नुसतं कापडी चिन्ह बघून समाधान मानू नका. कड्या नसतील तर तीन बिंदूंच्या पट्ट्याने बसणारी सीट घ्या, ती नीट बसवली तर चालते. उद्यमनगरात हवं ते वेल्ड करून मिळतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको, पण या कड्या बनवून घेऊ नका आणि तुटलेला पट्टा शिवूनही घेऊ नका. त्या जोडाची ताकद कोणीच तपासलेली नसते.

अमेरिकेतल्या आत्याने आणलेली सीट हा वेगळाच विषय. तिथल्या गाड्यांच्या पट्ट्यात पूर्ण ओढला की अडकून राहणारी यंत्रणा असते आणि काही सीट तिच्याच भरवशावर बनवलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पट्टा फक्त झटका बसल्यावर अडकतो. त्यामुळे बसवलेली सीट दोन वळणांत सैल होते. सीटला स्वतःचा पट्टा-कुलूप असेल तरच ती वापरा.

‘हलते थोडीशी, चालतंय’

बसवल्यावर पट्टा जिथून सीटमध्ये शिरतो तिथे हाताने धरून डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवा. २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर परत बसवा. वरचं टोक धरून हलवलं तर नेहमीच हलतं, त्यावरून काही ठरवू नका. घट्ट करायला सीटमध्ये गुडघा रोवून पूर्ण भार द्या, तेवढ्यात दुसऱ्याने पट्ट्यातली ढील खेचून घ्यावी. पट्ट्याला पीळ नको. मागे तोंड असताना पट्टा निळ्या खुणांतून आणि पुढे तोंड असताना लाल खुणांतून जातो. ही अदलाबदल फार होते.

नवजात बाळाची हनुवटी छातीला टेकत असेल तर सीट फार उभी आहे, श्वास अडू शकतो. बऱ्याच सीटवर कडेला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर हवी. उतारावर उभ्या गाडीत ती बघू नका.

पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर मागे तोंड केलेली सीट कधीही नको. एअरबॅग थेट कवचावर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. जागा मागची. मधल्या जागेला तीन बिंदूंचा पट्टा असेल आणि सीट तिथे घट्ट बसत असेल तर ती उत्तम, नाहीतर डावी, कारण मूल फुटपाथच्या बाजूने उतरतं.

दुपट्यासकट पट्टा लावणं

दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाला पायांमधला पट्टा लावताच येत नाही. जानेवारीत पन्हाळ्याला जाताना जाड जाकिटावरून लावलेला पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत जाकीट दबतं आणि तेवढीच ढील सुटते. आधी पट्टा, मग वरून दुपटं किंवा शाल. कुंची पातळ असेल तर राहू द्या, मागे गाठ असेल तर सोडा. घट्टपणा असा तपासा: खांद्यावर पट्टा उभा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत आला तर सैल आहे.

आणि आजीची मांडी? ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. सेकंदाच्या दहाव्या भागात गाडी थांबली तर वजनाच्या सुमारे चौदापट जोर येतो. १० किलोचं बाळ त्या क्षणी १४० किलोचं होतं. गंगावेस तालमीतल्या पैलवानालाही तो हिसका हातांत धरता येणार नाही. कायदाही हेच सांगतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना असेल तर १,००० रुपये दंड आहे.

टिकाऊपणाच्या नावाखाली

सीटचं प्लॅस्टिक उन्हातान्हात ठिसूळ होतं. बरेच उत्पादक निर्मितीपासून ६ ते १० वर्षांची मुदत देतात. तळाशी घड्याळासारखा गोल शिक्का असतो: मध्ये वर्ष, बाण महिन्याकडे. मामेभावाची सीट घेताना आधी हा शिक्का बघा, मग पुस्तिका आहे का आणि अपघात झाला होता का ते विचारा. मोठ्या अपघातातून गेलेली सीट बाहेरून धड दिसली तरी टाकून द्या.

पट्टे डिटर्जंटमध्ये भिजवू नका, ब्लीच तर नकोच, धागे कमजोर होतात. ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसा. बक्कल अडकतं ते बहुधा चिरमुऱ्याच्या नाहीतर बिस्किटाच्या चुऱ्याने. पुस्तिकेत परवानगी असेल तर कोमट पाण्यात हलवून सावलीत वाळवा, तेल घालू नका, त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कव्हर उचलून फोमला हात लावून बघा, इथल्या दमट हवेत बुरशी झटकन धरते. एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीतल्या सीटवर पांढरी चादर टाका आणि मुलाला बसवण्यापूर्वी बक्कलला आपल्या हाताचा मागचा भाग लावून बघा.

कोल्हापूरहून पुण्याचा प्रवास सुमारे २३० किलोमीटरचा. तान्ह्या बाळाला सलग दोन तासांवर सीटमध्ये ठेवू नका. कराडला किंवा साताऱ्याला थांबून बाहेर काढा, सपाट झोपवा.

बूस्टर लवकर काढणं

पहिलीत गेला म्हणून बूस्टर सुटत नाही. साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत तो लागतो. काढण्याआधी मुलाला गाडीच्या सीटवर पाठ पूर्ण टेकवून बसवा. गुडघे सीटच्या कडेवर वाकायला हवेत, कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वर हाडावर बसायला हवा, खांद्याचा पट्टा मान आणि खांद्याच्या टोकाच्या मधोमध हवा. मग गगनबावड्यापर्यंत जाऊन या. तासाभराने ते तसंच बसलेलं असेल तर बूस्टर उतरवा. घसरून पट्टा पोटावर आला असेल तर आणखी सहा महिने राहू द्या.