व्हिएन्नातला बीथोव्हन : एका दिवसात काय आणि कसं पाहावं

जर्मन संगीतकार बीथोव्हन १७९२ साली बॉनहून व्हिएन्नाला आला आणि १८२७ मध्ये तिथेच वारला. मधल्या काळात त्याने इतकी बिऱ्हाडं बदलली, की शहरभर भिंतींवर त्याच्या नावाच्या पाट्या दिसतात. सगळ्या पाट्यांमागे धावू नका. आत जाऊन पाहता येतील अशी घरं मोजकी आहेत, आणि ती सोमवारी बंद असतात. मंगळवार ते रविवारातला दिवस निवडा आणि २४ तासांचा प्रवासपास काढा. पास कागदी असेल, तर पहिल्या प्रवासाआधी यंत्रात शिक्का मारून घ्या; बिनशिक्क्याचा पास तपासणीत चालत नाही.

सुरुवात हायलिगनश्टाटपासून करा; एकेकाळचं हे गाव आता व्हिएन्नाचाच भाग आहे. यू-४ मेट्रोने शेवटच्या स्टेशनवर उतरून ३८ए बस घ्या. प्रोबुसगासे ६ इथलं संग्रहालय सकाळी १० वाजता उघडतं आणि दुपारी १ ते २ बंद असतं, म्हणून साडेबाराला पोचून उपयोग नाही. बहिरेपण वाढत असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने बीथोव्हन १८०२ मध्ये या गावात राहिला. बहिरेपणाच्या निराशेतून भावांना उद्देशून लिहिलेलं, पण कधीच न पाठवलेलं ६ ऑक्टोबरचं पत्र इथलंच. मूळ पत्र हॅम्बुर्गच्या ग्रंथालयात आहे, ते इथे शोधू नका. त्याच्या बहिरेपणावरच्या दालनाला मात्र भरपूर वेळ द्या. अख्ख्या दिवसातलं सर्वांत मोलाचं असं काही असेल, तर ते हेच.

जवळच फारप्लाट्झ २ हे घर आहे. तिथे तो १८१७ च्या उन्हाळ्यात होता. पत्र याच घरात लिहिलं असा अनेकांचा गोंधळ होतो. तिथून ओढ्याकाठची बीथोव्हनगांग ही पायवाट धरा. त्याच्या सहाव्या सिंफनीतला (वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेतला) ओढ्याचा भाग चालण्याआधी एकदा ऐकून घ्या. चालताना मात्र कान मोकळे ठेवा.

जवळच्या नुसडोर्फहून सुटणारी डी ट्राम थेट शोटनटोरला आणते. तिथून पाच मिनिटांवर म्योल्कर बास्टाय ८, म्हणजे पास्क्वालाटीहाउस. संग्रहालय चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील, तर खालूनच इमारत पाहून पुढे निघा. बीथोव्हन १८०४ पासून अधूनमधून या इमारतीत राहत असे. संग्रहालयाच्या खोल्या त्याच्या नव्हेत, शेजारच्या बिऱ्हाडाच्या आहेत.

समाधीसाठी शोटनटोरहूनच ७१ नंबरची ट्राम पकडा आणि पाऊण तास हाताशी ठेवा. उतरायचं त्सेंट्रालफ्रीडहोफ या मध्यवर्ती दफनभूमीच्या २ नंबरच्या फाटकाशी. लोकल रेल्वेचं त्याच नावाचं स्टेशन दफनभूमीच्या मागच्या बाजूला येतं आणि तिथून पायपीट फार होते. फाटकातून सरळ चालत गेलं, की डावीकडे ३२ए हा विभाग लागतो. बीथोव्हनची समाधी २९ नंबरची, शेजारी २८ वर संगीतकार शूबर्ट. दोघांचेही अवशेष १८८८ मध्ये वेरिंगच्या जुन्या दफनभूमीतून इथे आणले. हिवाळ्यात फाटक संध्याकाळी ५ वाजता बंद होतं, तेव्हा ४ च्या आत पोचा.

मधोमध संगीतकार मोझार्टचं स्मारक आहे, पण ते नुसतं स्मारक. त्याला पुरलं ते सांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत, आणि परतीच्या वाटेवर ७१ त्याच नावाच्या थांब्यावर थांबते.