केअर होममधल्या आजी-आजोबांच्या हिरड्या कशा जपायच्या
ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं की बरेच जण घाबरून ब्रशच बंद करतात, आणि तिथेच चुकतं, कारण रक्त बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळे येतं, तो निघाला नाही तर सूज वाढतच जाते. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरा, हलक्या हाताने गोल फिरवा, दिवसातून 2 वेळा. बसवूनच करा हं, आडवं झोपवून नको, ठसका लागतो. कवळी रात्री काढून घासायची, पाण्यात ठेवायची, आणि तिच्याखालची हिरडीपण ओल्या गॉजने पुसायची, हे हमखास राहून जातं. दात हलतोय, पू येतोय किंवा जेवण अचानक कमी झालंय तर लगेच डेंटिस्टला दाखवा, डायबेटिस असेल तर अजिबात थांबू नका.