रक्तस्राव आवरण्यासाठी ट्रानेक्झॅमिक ॲसिड कसे वापरावे

जखमेतून रक्त वाहत असताना पहिले काम हाताचे आहे. जखमेवर थेट आणि घट्ट दाब द्यावा. हातापायातील रक्त दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वरच्या, म्हणजे धडाकडच्या बाजूला टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखणारा घट्ट पट्टा) आवळावे आणि ते आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. फाटलेली धमनी कोणतेही इंजेक्शन शिवत नाही. तिला टाका किंवा चिमटाच लागतो. ट्रानेक्झॅमिक ॲसिड या औषधाचा उपयोग या कामाच्या जोडीने होतो. रक्तस्रावाच्या रुग्णांची जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने येत आहे, असे डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनी ते वाचले, तर डॉक्टरांना कोणती माहिती तातडीने द्यायची हे त्यांनाही कळेल.

औषध नीट वापरायचे तर ते काय करते हे आधी समजून घ्यावे लागते. रक्त गोठते तेव्हा फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे तयार होते आणि त्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. त्याच वेळी शरीर ती गुठळी विरघळवण्याचीही तयारी करत असते. रक्तातले प्लाझ्मिनोजेन फायब्रिनवरच्या लायसिन या घटकाला चिकटते, त्याचे प्लाझ्मिन होते आणि प्लाझ्मिन जाळे कापू लागते. मोठ्या अपघातानंतर किंवा बाळंतपणानंतर ही कापाकापी अवेळी आणि जोरात सुरू होऊ शकते. ट्रानेक्झॅमिक ॲसिडची रचना लायसिनसारखीच असल्यामुळे ते प्लाझ्मिनोजेनवरची लायसिनची जागा आधीच अडवून बसते आणि प्लाझ्मिनोजेनला फायब्रिनवर पकड मिळत नाही. थोडक्यात, हे औषध नवी गुठळी तयार करत नाही, तयार झालेली गुठळी राखते. ते लवकर का द्यावे आणि रक्त गोठवणारे घटकच संपलेल्या रुग्णाला ते एकटे का पुरत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीत आहेत.

जपानमधील उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दाम्पत्याने 1962 मध्ये हे औषध जगासमोर मांडले. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू थांबावेत, ही त्यांची तळमळ होती. प्रत्यक्षात पुढची अनेक वर्षे ते मुख्यतः मासिक पाळीतला अतिस्राव, दात काढणे आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया यांच्यापुरतेच राहिले. अपघातातील जखमींसाठी त्याची मोठी कसोटी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. क्रॅश-2 या चाचणीत 40 देशांतील 20,211 जखमी होते. औषध मिळालेल्यांपैकी 14.5 टक्के, तर न मिळालेल्यांपैकी 16 टक्के दगावले. फरक लहान वाटतो, पण औषध स्वस्त आहे, द्यायला सोपे आहे आणि अशा जखमींची संख्या अफाट आहे.

आता जखमींना ते कसे द्यावे, याविषयी. मोठा रक्तस्राव दिसत असेल, किंवा आतल्या आत होत असल्याची शंका असेल, तर औषध द्यावे. वरचा रक्तदाब 90 च्या खाली असणे किंवा नाडी मिनिटाला 110 च्या वर असणे हे क्रॅश-2 मधले निकष होते. मात्र आकड्यांची वाट पाहत बसू नये. तरुण रुग्णाचा रक्तदाब बरेच रक्त जाईपर्यंत टिकून राहतो, आणि हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाची नाडी रक्त जात असतानाही वाढत नाही. प्रौढांसाठी पहिली मात्रा 1 ग्रॅम आहे. इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये साधारणपणे 100 मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे 1 ग्रॅमसाठी 10 मिलिलिटर लागतात. तरीही प्रत्येक वेळी ॲम्प्युलवरचा (औषधाच्या कुपीवरचा) आकडा वाचूनच हिशेब करावा. हे औषध 100 मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्ये मिसळून 10 मिनिटांत शिरेतून द्यावे. घाईने एकदम ढकलल्यास रक्तदाब कोसळतो, आणि ज्याचे रक्त आधीच गेले आहे त्याला ते परवडणारे नसते. त्यानंतर आणखी 1 ग्रॅम सलाइनमधून सावकाश, 8 तासांत द्यावे. रक्त तपासणीच्या अहवालासाठी पहिली मात्रा थांबवू नये.

या औषधात वेळेइतके महत्त्वाचे दुसरे काहीच नाही, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो. क्रॅश-2 मधील आकडे वेळेनुसार वेगळे काढून पाहिले, तेव्हा दुखापतीनंतर पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. एक ते तीन तासांत मिळालेल्यांमध्ये ते सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. तीन तासांनंतर मात्र असे मृत्यू वाढलेले आढळले. पुढे 40,000 हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात प्रत्येक 15 मिनिटांच्या उशिरामागे औषधाचा लाभ साधारण 10 टक्क्यांनी घटतो, असे निघाले. हे घड्याळ दुखापतीच्या क्षणी सुरू होते, रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावर नव्हे. ही चूक फार सहज होते: केसपेपरवर आगमनाची वेळ ठळक असते आणि अपघाताची वेळ कोणी विचारलेलीच नसते. म्हणून रुग्णाला आणणाऱ्याला पहिलाच प्रश्न ‘लागले केव्हा?’ असा विचारावा, उत्तर लिहावे आणि त्यावरून तीन तास मोजावेत. ही मर्यादा उलटून गेली असेल, तर नुसत्या रक्तस्रावासाठी औषध सुरू करू नये.

डोक्याला मार लागलेल्यांसाठी मात्रा हीच आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-3 चाचणीत तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये, मेंदूची इजा सौम्य ते मध्यम असेल तर, त्या इजेमुळे होणारे मृत्यू कमी झाले. अतिगंभीर इजेत तसा फायदा दिसला नाही.

शस्त्रक्रियेत परिस्थिती वेगळी असते, कारण तिथे रक्तस्राव कधी सुरू होणार हे आपल्याला आधीच माहीत असते. ही संधी वाया घालवू नये: औषध चीर देण्यापूर्वी द्यावे. 2022 च्या पॉइस-3 चाचणीत हृदयाव्यतिरिक्तच्या शस्त्रक्रियांसाठी 9,535 रुग्ण घेतले होते, आणि 1 ग्रॅम सुरुवातीला व 1 ग्रॅम शेवटी अशी मात्रा होती. गंभीर स्वरूपाचा रक्तस्राव 11.7 टक्क्यांवरून 9.1 टक्क्यांवर आला. हृदयविकार, पक्षाघात आणि रक्तवाहिन्यांतील गुठळ्या यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते, पण धोका मुळीच वाढत नाही असे ठामपणे सिद्ध करण्याइतके ते आकडे पुरेसे ठरले नाहीत. त्यामुळे गुडघा किंवा खुबा बदलण्यासारख्या, बरेच रक्त जाणाऱ्या शस्त्रक्रियेत औषध नेमाने वापरणे मला योग्य वाटते. जिथे रक्त फारसे जाणारच नाही, तिथे सवयीने देण्यात अर्थ नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत मात्रा मोठी असते आणि तिथे झटके (फिट) येण्याचा धोका स्पष्ट दिसला आहे. एका मोठ्या चाचणीत सुरुवातीची प्रतिकिलो 100 मिलिग्रॅम ही मात्रा याच कारणाने मध्येच अर्धी करावी लागली. हे औषध जवळजवळ सगळे न बदलता मूत्रावाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंडे कमजोर असलेल्या रुग्णात मात्रा कमी करावीच लागते, नाही तर ते साठत जाते.

बाळंतपणानंतर जास्त रक्त जाऊ लागले की गर्भाशय आकुंचित करणारी औषधे आणि गर्भाशयाचे मर्दन यांच्याबरोबरच हे औषध सुरू करावे. ते उपाय फसण्याची वाट पाहू नये. 1 ग्रॅम 10 मिनिटांत शिरेतून द्यावे. 30 मिनिटांनंतरही रक्त चालू असेल, किंवा 24 तासांत पुन्हा सुरू झाले, तर आणखी 1 ग्रॅम द्यावे. 2017 मधील वुमन चाचणीत 20,060 स्त्रिया होत्या. प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू 1.7 टक्क्यांवरून 1.2 टक्क्यांवर आले. ओकामोतो दाम्पत्याने ज्या कारणासाठी हे औषध शोधले, ते कारण सिद्ध व्हायला पंचावन्न वर्षे लागली.

सगळीकडे हे औषध चालते, असे मात्र नाही. रक्ताच्या उलट्या किंवा काळे शौच होणाऱ्या, म्हणजे जठर-आतड्यांतून रक्त जाणाऱ्या रुग्णांसाठी ते अनेक ठिकाणी सवयीने दिले जाते. 2020 च्या हॉल्ट-इट चाचणीत 12,009 अशा रुग्णांना त्याचा लाभ झाला नाही. उलट शिरांमधील गुठळ्यांचे प्रमाण 0.4 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर गेले, झटकेही वाढले. ही सवय सोडायला हवी. मूत्रपिंडातून किंवा मूत्रनलिकेतून रक्त येत असेल, तर गुठळी नलिकेत अडकून लघवीचा मार्ग बंद करू शकते. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात नुकतीच गुठळी झालेली असेल, अथवा झटक्यांचा आजार असेल, तर वरिष्ठांशी बोलल्याशिवाय औषध सुरू करू नये.

एका चुकीबद्दल अगदी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. कंबरेच्या मणक्यात भूल देताना भुलेच्या औषधाऐवजी चुकून ट्रानेक्झॅमिक ॲसिडचे ॲम्प्युल भरले गेल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत घडल्या आहेत, आणि त्यांत रुग्ण दगावले आहेत. मणक्यात गेल्यावर ते तीव्र पाठदुखी, अंगाला आचके, न आवरणारे झटके आणि हृदयाच्या ठोक्यांतील गडबड घडवते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये याबद्दल इशारा दिला. ॲम्प्युल दिसायला सारखी असतात, हे यामागचे मोठे कारण आहे. म्हणून हे औषध भुलेच्या ट्रेमध्ये कधीही ठेवू नये, शक्यतो शस्त्रक्रियागृहाबाहेरच साठवावे, सिरिंज भरताक्षणी तिच्यावर नाव लिहावे आणि मणक्यात देण्यापूर्वी दोघांनी ॲम्प्युलवरचे नाव मोठ्याने वाचावे.

रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत असेल, तर त्या औषधाचा उतारा वेगळा असतो, हे विसरू नये. वॉरफरिनसाठी व्हिटॅमिन के आणि प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, हेपरिनसाठी प्रोटामिन, डॅबिगॅट्रनसाठी इडारुसिझुमॅब. हिमोफिलियाच्या रुग्णाला त्याच्या शरीरात कमी असलेला घटक आधी द्यावा लागतो. नातेवाइकांनी गोळ्यांची पाकिटेच सोबत आणावीत. ‘हृदयाची एक पांढरी गोळी आहे’ एवढ्यावरून उतारा ठरत नाही. भरपूर रक्त चढवावे लागले, तर फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनते तो रक्तातला घटक) आणि कॅल्शियम यांची पातळी पुन्हा पुन्हा तपासावी, कारण फायब्रिनचे धागेच उरले नसतील तर राखायला काही शिल्लक राहत नाही. रुग्णाला उबदार ठेवावे. थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही.

रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचा असेल, तर दुखापतीची वेळ, पहिली मात्रा दिल्याची वेळ आणि 8 तासांची मात्रा सुरू आहे की नाही, या तीन गोष्टी कागदावर वेगळ्या ओळीत लिहून द्याव्यात. दुसरी मात्रा बहुधा अशा प्रवासातच राहून जाते किंवा दोनदा दिली जाते. रक्तस्राव पूर्ण आवरल्यावर पोटरीची सूज, छातीतील दुखणे आणि धाप यांवर काही दिवस लक्ष ठेवावे, आणि शिरांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायचे औषध पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे शल्यचिकित्सकाला विचारून त्याच दिवशी केसपेपरवर नोंदवावे.